हनोईच्या बुटक्या स्टुलावर बसण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याहून सहाजण डिसेंबरात आठ दिवसांसाठी व्हिएतनामला निघालाय. आधी हनोई, मग दा नांग आणि होई आन, शेवटी सायगॉन, म्हणजे हो ची मिन्ह सिटी. तुम्ही दोघं आणि दोन्ही मुलं सगळं खाता, फक्त बीफ नको. बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आईचे गुडघे दुखतात. टूरवाल्यांनी रोज रात्री ‘इंडियन बफे’ ठेवलाय, पण सकाळ-दुपार तरी तुम्हाला फुटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून खायचंय. तर काय मागवायचं, बाबांचं काय करायचं, पोट बिघडेल का आणि खर्च किती येईल?

मी मूळची रेवदंड्याची. आठ वर्षं सायगॉन आणि हनोईतल्या हॉटेलांच्या किचनमध्ये काढली. आता वर्षातून तीन-चार वेळा मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन तिकडे खायला जाते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मेनूकार्डाची सवय ठाण्यालाच ठेवून जा. आपल्याकडे उडप्याच्या हॉटेलात इडलीपासून मंचुरियनपर्यंत सगळं एका छपराखाली मिळतं. तिकडच्या चांगल्या दुकानात पदार्थ एकच, फार तर दोन. पाटीवर पदार्थाचं नाव ठसठशीत आणि दुकानाचं नाव कोपऱ्यात बारीक. तुम्ही स्टूल ओढून बसलात म्हणजे ऑर्डर दिलीच असं धरतात. मालकीण लांबूनच बोटं वर करून ‘किती?’ एवढंच विचारते. म्हणून काय खायचं ते बसल्यावर ठरवायचं नसतं, हॉटेलातून पाय बाहेर काढण्याआधी ठरवायचं असतं. आणि वेळ सांभाळायची. फो, म्हणजे गरम रश्शातल्या तांदळाच्या चपट्या शेवया, सकाळचा, बून चा दुपारचा, बान सेओ या घावनाचे तवे बहुतेक संध्याकाळी तापतात. नामांकित फोवाल्याकडे साडेदहाला गेलात तर पातेलं घासताना दिसेल. ‘संपलं’ म्हणजे संपलंच. पुण्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, हनोईत ‘बून मांग, चाओ च्युई’ असा वाक्प्रचारच आहे. नूडल्स खाताना बोलणी खा, पेज खाताना शिव्या खा, असा त्याचा भावार्थ. काही जुन्या दुकानांतल्या बायका गिऱ्हाइकांना झापण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. लोक तरीही रांगा लावतात. कुणी तुमच्यावर खेकसलं तर मनाला लावून घेऊ नका, बहुतेक वेळा ‘स्टूल रस्त्यातून बाजूला घ्या’ एवढंच म्हणणं असतं.

हनोईत पहिल्या दुपारी बून चा खा. ‘बून’ म्हणजे ताज्या, ओलसर, पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या शेवया. मालवणकडचे शिरवाळे खाल्ले असतील तर जीभ लगेच ओळखेल. ‘चा’ म्हणजे इथे निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस. दुकान दिसायच्या आधी धूर दिसतो. दाराशी, निम्मी फुटपाथवर आलेली लांबट शेगडी, आणि निखाऱ्यांवर रोखून ठेवलेला टेबलफॅन, त्याच्या पात्यांवर काजळीचा थर. दोन जाळ्यांच्या चिमट्यात खिम्याच्या चपट्या टिक्क्या आणि चरबीचे पट्टे असलेल्या मांसाचे पातळ काप दाबून धरलेले. भाजणारी बाई एका हाताने चिमटा उलटते आणि दुसऱ्या हातातल्या कात्रीने जास्त करपलेल्या कडा छाटून टाकते. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की भडका, की चिमटा वर, की पुन्हा खाली. हे तास-दोन तास न थांबता चालू असतं. मी पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी नुसती हे बघायला जायची.

मांस कोरडं येत नाही. कोमट, पातळ, आंबटगोड पाण्याच्या वाडग्यात बुडून येतं, सोबत कच्च्या पपईच्या मुरवलेल्या चकत्या. हे सूप समजून आमच्या गटातल्या निदान एकाने तरी दरवेळी प्यायलंय. पिऊ नका, ते बुडवून खायचं पाणी आहे. शेवयांचा छोटासा गुंता चॉपस्टिकने तोडायचा, वाडग्यात बुडवायचा, टोपलीतली दोन पानं आणि मांसाचा एक तुकडा त्यावर, आणि घास. सगळ्या शेवया एकदम वाडग्यात लोटल्यात तर पाणी फिकं पडतं आणि तिसऱ्या घासापासून चव गेलेली असते. ओबामा २०१६ च्या मे महिन्यात हनोईला गेले तेव्हा त्यांनी खाद्यभटकंतीचे टीव्ही कार्यक्रम करणाऱ्या अँथनी बोर्डेनबरोबर ले वान हू रस्त्यावरच्या हुओंग लिएन या दुकानात हेच खाल्लं. दोघांचं बिल सहा डॉलर झालं. ते टेबल, स्टुलं आणि रिकामी भांडी दुकानवाल्यांनी काचेच्या पेटीत जपून ठेवली आहेत. फोटो काढायचा तर जरूर जा. नुसतं खायचं असेल तर तुमच्या हॉटेलजवळच्या ज्या गल्लीतून धूर येतो तिथे शिरा.

त्या आंबटगोड पाण्यात मुख्य चीज असते ती ‘नुओक माम’, म्हणजे माशाचं पाणी. बारीक, मांदेलीहूनही चिमुकले अँकोव्ही मासे साधारण तीन भाग आणि मीठ एक भाग असे थर लाकडी पिंपात रचून वर्षभर ठेवतात. खालच्या तोटीतून जे लालसर तपकिरी पाणी झिरपतं ते हे. फू क्वोक बेटाचं सगळ्यांत नावाजलेलं. २०१२ मध्ये युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षणही दिलं. आणि हो, तिथेही ‘पहिल्या धारेचं’ वेगळं आणि महाग विकलं जातं. ते साखर, लिंबू किंवा व्हिनेगर, पाणी, लसूण, मिरची घालून सौम्य करतात. वास जेवढा घाबरवतो तेवढी चव घाबरवत नाही.

घाबरवणारं प्रकरण दुसरंच आहे, ‘माम तोम’. जांभळट करड्या रंगाची ही आंबवलेली चटणी बारीक कोळंबीची असते. मध्य व्हिएतनाममधली तिची बहीण ‘माम र्‍वोक’ ज्या जीवापासून करतात तो म्हणजे आपला जवळाच. तळलेलं टोफू, शेवया आणि उकडलेलं मांस या चटणीत बुडवून खाणं हा हनोईकरांचा लाडका प्रकार, ‘बून दाऊ माम तोम’. सुकटाच्या वासात लहानाची मोठी झालेली मीसुद्धा पहिल्यांदा दोन पावलं मागे सरले होते. वाटीत लिंबू पिळून, साखर आणि चमचाभर गरम तेल घालून फेस येईपर्यंत घोटली की ती माणसाळते. जमत नसेल तर सोया सॉस मागा, कुणी हसत नाही.

आता फो. उच्चार ‘फो’पेक्षा ‘फऽ’च्या जवळचा आहे, आणि शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर चढवायचा. तुम्हाला बीफ नको, म्हणून एक शब्द पाठ करा, ‘गा’ म्हणजे कोंबडी. फो गा मागायचा. ‘बो’ म्हणजे बीफ. पण बोच्या दुकानात जाऊन गा मागण्यात अर्थ नाही, कारण तिथला रस्सा बैलाच्या हाडांचा असतो. पाटीवर फक्त फो गा लिहिलेलं दुकान शोधा, तिथे पातेल्यात कोंबडीच शिजत असते. रश्शात भाजलेलं आलं आणि कांदा, चक्रीफूल, दालचिनी, आणि आपल्या मसाला वेलचीची सख्खी चुलत बहीण असलेली मोठी वेलची असते. बो फोमध्ये हा मसाला ठळक, गा फोमध्ये हलका. गोडा मसाला खाणाऱ्या माणसाला वास ओळखीचा वाटतो आणि तिखट-मीठ कुठे गेलं असा प्रश्न पडतो. ते टेबलावर आहे. हनोईत लसणीचं व्हिनेगर, मिरचीचे काप, लिंबू, आणि बुडवायला ‘क्वाय’ नावाच्या मैद्याच्या तळलेल्या काड्या. आधी रस्सा कोरा चाखा, मग त्यात काय घालायचं ते घाला. न चाखता मिरची ओतणं तिकडे स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर त्याला नापास करण्यासारखं आहे.

सायगॉनमध्ये तोच फो वेगळ्या थाटात येतो. शेजारी पानांची परडी, मोड आलेले मूग, काळा गोडसर सॉस, लाल तिखट सॉस, आणि रस्साही गोडाकडे झुकलेला. १९५४ मध्ये देश दोन भागांत वाटला गेला तेव्हा उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत उतरले. फो आधीही तिकडे थोडाफार होता, पण घराघरात आणि नाक्यानाक्यावर पोचला तो त्यांच्यामुळे. दक्षिणेच्या सुपीक जमिनीत त्याच्यावर पालेभाजी आणि साखर चढली. हनोईचा माणूस त्याला नाक मुरडतो, सायगॉनचा माणूस हनोईचा फो आजाऱ्याचं पथ्य म्हणतो. कोल्हापूर आणि पुणे यांच्यातला मिसळीचा वाद ऐकलेल्यांनी यात पडू नये. मी स्वतः हनोईच्या बाजूची.

बाकीचे शब्द घाईत देते. डुक्कर उत्तरेत ‘लन’, दक्षिणेत ‘हेओ’. मासा ‘का’, कोळंबी ‘तोम’, खेकडा ‘कुआ’, बदक ‘वित’, गोगलगाय ‘ऑक’, बेडूक ‘एक’. अंडं ‘चुंग’, पण ‘चुंग वित लोन’ म्हणजे आत पिल्लू वाढलेलं बदकाचं अंडं. ‘थित चो’ अशी पाटी दिसली तर ते कुत्र्याचं मांस. तशी दुकानं वेगळी असतात, चुकून ताटात येत नाही, तेव्हा या एका भीतीने झोप घालवू नका. माझे उच्चार ऐकून स्वर बरोबर लागतीलच असं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवर जाऊन ‘बीफ नको’ आणि ‘शुद्ध शाकाहारी, माशाचं पाणी नको, अंडं नको’ या दोन चिठ्ठ्या त्यांच्या लिपीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

बाबांचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच लोक चुकतात. मीही चुकले आहे. माझ्या पहिल्याच गटात नाशिकच्या एक काकू होत्या. एका नूडलच्या दुकानात मी सांगितलं, यांना मांस नको. मालकिणीने मान डोलावली, वाडग्यात शेवया, मशरूम, टोफू, पालेभाजी रचली आणि वर शेजारच्याच पातेल्यातला रस्सा ओतला. काकूंनी निम्मा वाडगा संपवल्यावर तळाशी हाडाची चीप सापडली. त्या बाईने फसवलं नव्हतं. मांस घालू नको म्हटलं, तिने घातलं नाही. तिच्या लेखी रस्सा म्हणजे पाणी. इतकी वर्षं किचनमध्ये काढून मी तो एक प्रश्न विचारला नव्हता, त्याची लाज मला अजून वाटते. काकू रात्रभर काही बोलल्या नाहीत, सकाळी फक्त केळी खाल्ली.

तेव्हापासून माझा नियम आहे. मांसाहारी दुकानात शाकाहारी काही ‘करून’ मागायचं नाही. नाळीच्या भाजीसारखी दिसणारी, खरं तर तीच असलेली ‘राऊ मुआंग’ लसणीवर परतून सगळीकडे मिळते, दिसते निर्दोष, पण परतताना त्यात माशाचं पाणी किंवा ऑयस्टर सॉस पडतो. हळदीचा पिवळा चिकट भात, ‘सोय सेओ’, वरून मुगाचा चुरा आणि तळलेला कांदा, अगदी आपला वाटतो, पण त्यावरची चमक बऱ्याचदा चरबीची असते. त्यामुळे बाबांना सरळ ‘चय’ दुकानात न्यायचं. चय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. पाटीवर ‘क्वान चय’ किंवा ‘कम चय’, बहुधा कमळाचं चित्र. मांस, मासे, माशाचं पाणी काही नाही, आणि कडक ठिकाणी अंडंही नाही. देवळांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य, पण गाजर-मुळा भरपूर, म्हणजे जैन मंडळींचं अर्धंच काम होतं. रस्सा मुळा, मका, वाळवलेली मशरूम यांचा काढतात आणि तो खरोखर चांगला असतो. मी मांसाहारी असूनही आठवड्यातून एकदा जायची.

एक मात्र बाबांना आधीच सांगून ठेवा. चय दुकानातल्या यादीत ‘फो बो’, ‘कोळंबी’, ‘बदक’ सगळं असतं. ते सोयाबीन, गहू, कंदाच्या पिठाचं. कोळंबीच्या तुकड्यावर नारिंगी पट्टेसुद्धा ओढलेले असतात. शाकाहारी माणूस ते बघून उठून जातो आणि मग समजूत घालावी लागते. त्यापेक्षा ‘कम चय’मध्ये न्या. काचेमागे वीसेक भाज्या मांडलेल्या असतात, बोटाने दाखवायचं, भातावर वाढून देतात. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथली खूप माणसं चय पाळतात, त्या दिवशी ही दुकानं भरून वाहतात आणि एरवी नसलेल्या गाड्याही लागतात. निघण्याआधी कालनिर्णय बघा. त्यांच्या-आपल्या तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

आणि उच्चार! ‘चय’मधला ‘अ’ अगदी आखूड. आमच्यातल्या एका काकांनी दणक्यात ‘चाय, चाय’ म्हणून सांगितलं आणि त्यांच्यापुढे पाण्याची बाटली आली. लांब उच्चारलं की त्याचा अर्थ बाटली होतो. काका म्हणाले, निदान शाकाहारी तरी आहे.

दा नांग-होई आनला बान सेओ चुकवू नका, सायगॉनमध्येही. ‘सेओ’ हा तव्यावर पीठ पडतानाचा आवाज. आपण ‘चर्र’ म्हणतो तसा. तांदळाचं पीठ, हळद, पाणी, दक्षिणेत नारळाचं दूध. म्हणजे हळदीचं घावनच. पिवळं दिसतं म्हणून लोकांना अंडं वाटतं, पण पारंपरिक पिठात अंडं नसतं. कढईत आधी कोळंबी आणि मांसाच्या पट्ट्या, त्यावर पीठ फिरवून ओततात, मुगाचे मोड टाकतात, झाकण, मग कडा सुटेपर्यंत तेलात कुरकुरीत करतात. घडी घालून ताटात येतं. काटा-चमच्याने खायला जाऊ नका. सायगॉनमध्ये मोहरीचं मोठं पान तळहातावर पसरायचं, त्यावर घावनाचा तुकडा, दोन-तीन सुगंधी पानं, विडा बांधल्यासारखं गुंडाळायचं आणि सॉसमध्ये बुडवायचं. दा नांगकडे घावन तळहाताएवढं लहान आणि पानाऐवजी तांदळाचा पारदर्शक कागद. तिथल्या दाट शेंगदाण्याच्या सॉसमध्ये काळीज घालतात, हे माहीत असू द्या. चय दुकानात मशरूमचं बान सेओ मिळतं, बाबांना दोन लागतील.

पानांच्या परडीचं थोडं. तुळशीच्या जातीची पानं, पुदिना, जांभळं-हिरवं ‘तिया तो’, कोथिंबिरीच्या वासाचं लांबट काटेरी पान, आणि एक हृदयाच्या आकाराचं पान, ज्याला ओल्या मासळीचा वास येतो. ते शेवटचं आधी हुंगून बघा. शोभेसाठी ठेवलेलं यातलं काही नाही, सगळं तोडून घालायचं. हनोईत ‘चा का’ खाल्लंत तर मुलांची गंमत बघा. हळद लावलेले माशाचे तुकडे टेबलावरच्या छोट्या कढईत परततात, आणि वर मूठ-मूठ शेपू. घरी शेपू बघून ताट सरकवणारी पोरं तिथे निमूट खातात.

मुलांसाठी सायगॉनचं ‘कम ताम’ सगळ्यांत सोपं. ताम म्हणजे गिरणीतली तुकडा कणी. एकेकाळी विकता न येणारी, मेकाँगकाठच्या गरीब शेतकऱ्यांनी घरी ठेवलेली. आपल्या कण्यांसारखीच गोष्ट, फक्त तिच्या नशिबी आता शहरातली गर्दी आहे. वर भाजलेली चाप, अंड्याची वडी, कांद्याच्या पातीचं तेल. ताट-चमच्याने खातात, म्हणजे चॉपस्टिकची मारामारी नाही. हनोईच्या सकाळी ‘बान कुओन’ दाखवा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेलं कापड, त्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरून झाकण, आणि बांबूच्या पट्टीने उचललेला पापुद्रा. सालपापड्या घातलेल्या आजीला तो प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. बान मी तुम्हाला माहीत असेलच. आपल्याकडे पोर्तुगीजांचा पाव वड्याला मिळाला, तिकडे फ्रेंचांचा पाव लोणचं-काकडी-मांसाला. त्यात आतून फासलेला तपकिरी थर बहुधा काळजाचा असतो. बाबांसाठी ‘बान मी चय’च्या गाड्या वेगळ्या.

पोटाचं. माझ्या गटांत पोट बिघडलं ते बहुतेक हॉटेलच्या बफेवर, तासन्‌तास कोमट राहिलेल्या पदार्थांनी. फुटपाथवर उकळतं पातेलं आणि भराभर उठणारी गर्दी असेल तर निम्मी काळजी मिटली. बर्फ मधे भोक असलेला नळकांड्यासारखा असेल तर तो कारखान्यात केलेला असतो, तो चालतो. लादी फोडून केलेला खडबडीत चुरा मी टाळते. कच्ची पानं नळाच्या पाण्यात धुतात. म्हणून पहिले दोन दिवस आईबाबांनी आणि मुलांनी ती उकळत्या रश्शात बुडवून खावी. दक्षिणेत मोड आलेले मूगही उकळत्या पाण्यातून काढून मागता येतात, ‘या च्रुंग’ म्हणायचं. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला असेल तर मात्र फार जपून, तो कूट वरून शिवरलेला असतो आणि सॉसमध्येही असतो.

पैशांचा हिशोब सोपा आहे. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग, म्हणजे तीस हजार डोंग म्हणजे शंभर रुपये. पाटीवर शेवटची तीन शून्यं खाऊन ‘के’ लिहितात. फो, बून चा पन्नास ते ऐंशी के, बान मी वीस ते चाळीस, कम चयचं ताट त्याच आसपास. पर्यटकांच्या गल्लीत वाढवून घेतील. आधी बोट दाखवून भाव विचारा, त्यात अपमान नाही. वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट, दोन्ही निळसर आणि दोन्हींवर हो ची मिन्ह. मी स्वतः संध्याकाळच्या अंधारात उसाच्या रसाला पाच लाखाची नोट देऊन चालायला लागले होते. रसवाली मागून धावत आली. वीसच्या मागे होई आनचा छपराचा पूल आहे, तो बघून घ्या. टेबलावरचे बंद पाकिटातले ओले टिश्यू फुकट नसतात, फाडलं तर बिलात दोन-चार के वाढतात. टिपेची अपेक्षा नसते. ‘मिशलिन’ या जगप्रसिद्ध खाद्यगाइडने २०२३ पासून हनोई आणि सायगॉनची यादी काढायला सुरुवात केली. त्यात रस्त्यावरची दुकानंही आहेत. मी तिथे नेत नाही, रांगेत तास जातो आणि तेवढ्यात शेजारच्या गल्लीतलं संपतं.

उसाचा रस घ्याच, ‘नुओक मिया’. लिंबाऐवजी छोटं आंबट संत्रं सालीसकट पिळतात. चरक्याला घुंगरू नाहीत, एवढीच उणीव.

हाक कशी मारायची? ‘एक्सक्यूज मी’ नको. तिथेही आपल्यासारखंच नातं लावून बोलतात. वाढणारं पोरगं लहान असेल तर ‘एम ओय’, म्हणजे धाकट्या भावंडाला हाक. तुमच्याहून थोडी मोठी बाई असेल तर ‘ची ओय’, ताई. आईच्या वयाची असेल तर ‘को ओय’, को म्हणजे आत्या. खाऊन झाल्यावर ‘तिन तिएन’, बिल. टिश्यू आणि हाडं टाकायला टेबलाखाली छोटी बादली असते, ताटात ढीग करू नका.

राहिले आईचे गुडघे. ही स्टुलं आपल्या न्हाणीघरातल्या पाटाहून जेमतेम उंच. पण दुकानात अशी वीस-पंचवीस एकात एक रचलेली असतात. दोन किंवा तीन एकावर एक चढवून आईला बसवा, म्हातारी गिऱ्हाइकं तिथेही तसंच करतात. उठताना टेबलाचा आधार घेऊ देऊ नका, तेही प्लॅस्टिकचंच आहे. आणि सकाळी फो झाल्यावर लगेच हॉटेलवर परतू नका. पलीकडच्या कॉफीवाल्याकडे घट्ट दूध घातलेली ‘का फे सुआ’ मागवा. छोटं ॲल्युमिनियमचं भांडं पेल्यावर ठेवून देतात आणि कॉफी थेंब थेंब पडत राहते, दहा मिनिटं सहज जातात. बाबांना सांगा, शेवटी वरून कितीही दाबलं तरी ती लवकर पडत नाही. प्रत्येक गटातले बाबा दाबतातच.